कारागिराची टीप कारागिरालाच पोचू द्या

प्रति,
लातूर शहरातले आणि एकूणच मराठवाड्यातले सलून मालक बांधव,

सप्रेम नमस्कार.

एक मागणी घेऊन हे पत्र लिहितोय. काम आवडलं म्हणून गिऱ्हाईक खुशीनं जे वरचे दहा-वीस रुपये देतं, ते ज्या कारागिरानं काम केलं त्यालाच, पूर्ण आणि त्याच दिवशी मिळावेत. त्यासाठी लागणारी सोय तुमच्या दुकानात तुम्हीच करू शकता आणि तिला खर्च जवळपास शून्य आहे. ती सोय आज बहुतेक सलूनमध्ये नाही, म्हणून हे जाहीरपणे लिहावं लागतंय.

मी बाहेरून बोट दाखवणारा माणूस नाही. माझे वडील औसा तालुक्यातल्या एका गावात बलुत्यावर हजामती करायचे. गावात पोट भरेना तेव्हा लातूरला आले आणि हात चालेनासा होईपर्यंत दुसऱ्याच्या सलूनमध्ये खुर्चीमागं उभे राहिले. स्वतःचं दुकान त्यांना कधी टाकता आलं नाही. त्या खुर्चीच्या कमाईवर मी शिकलो आणि आज शाळेत शिकवतो. आपल्या धंद्यातल्या चांगल्या-वाईट गोष्टी मी घरातच पाहिल्या आहेत, त्यामुळे आडपडदा न ठेवता लिहितो.

मुलाला घेऊन मी अलीकडं एका सलूनमध्ये गेलो होतो. कारागीर पंचविशीच्या आतला, उदगीरकडचा. मुलाला मशीनच्या आवाजाची भीती वाटते हे त्याला न सांगता कळलं. मशीन त्यानं आधी स्वतःच्या मनगटावर चालवून दाखवलं, मग पोराच्या हातावर टेकवलं आणि मगच मानेकडं नेलं. कानामागची केसं काढताना कान दोन बोटांत धरून अलगद दुमडला. नवीन ब्लेड पाकिटातून आमच्यासमोर काढलं. शेवटी मानेवर पावडर मारून, ब्रशनं कॉलरच्या आतले केस झाडून दिले. कटिंगचे शंभर झाले होते. मी गल्ल्यावरचा क्यूआर स्कॅन करून एकशे वीस पाठवले. शेजारच्या, जमा झालेली रक्कम बोलून सांगणाऱ्या डब्यातून आवाज आला, ‘एकशे वीस रुपये प्राप्त झाले’. मालकांनी मान वर करून ‘थँक्यू सर’ म्हटलं. कारागीर खाली वाकून केस झाडत होता. त्यानं ऐकलं, पण मान वर केली नाही. मी त्याला म्हटलं, वरचे वीस तुझे आहेत. तर तो हळूच म्हणाला, “राहू द्या सर. ते मालकाच्या खात्यात गेले. आता ते काय निघत नाहीत.”

मालकांनी ते वीस रुपये जाणूनबुजून खाल्ले असं मला म्हणायचं नाही. रात्री दुकान बंद करताना मोबाईलमध्ये दिवसाच्या सत्तर-ऐंशी रकमा एकाखाली एक दिसतात. त्यातले एकशे वीस हे कटिंग आणि टीपचे, की कटिंग आणि चेहऱ्याला लावलेल्या कसल्या क्रीमचे, हे त्या यादीवरून सांगता येत नाही. कोणत्या खुर्चीचे, हे तर अजिबातच नाही. मग सगळी रक्कम धंद्यात धरली जाते. कारागीर निम्म्यावर, म्हणजे कामाच्या पैशातल्या अर्ध्या वाट्यावर असेल तर फार तर त्या वीसातले दहा त्याच्या वाट्याला येतात. महिन्याच्या पगारावर असेल तर एक रुपयाही नाही. कुणाच्या मनात पाप नसतानाही रोज थोडे थोडे पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जात आहेत.

नोटांचा व्यवहार होता तेव्हा हा प्रश्नच नव्हता. गिऱ्हाईक पन्नासची नोट द्यायचं, ‘वरचे राहू द्या’ म्हणायचं आणि दहाची नोट कारागिराच्या शर्टाच्या खिशात जायची. माझ्या वडिलांचा तो वरचा खिसा कायम फुगलेला असायचा आणि त्यातूनच आमच्या वह्या-पेन्सिली यायच्या, कारण आठवड्याचा पगार तर वाण्याच्या उधारीतच जायचा. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी झाली, पुढं कोरोनात लोकांनी नोटेला हात लावणं सोडलं. आता लातुरात भाजीच्या गाड्यापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडं स्कॅनर आहे आणि माणसाच्या खिशात दहाची नोट सापडत नाही. हा बदल चांगलाच आहे, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्यात कारागिराचा वरचा खिसा तेवढा विसरला गेला.

या वरच्या पैशाला एवढं महत्त्व का द्यायचं, असं काही मालक विचारतात. कारण कारागिराची कमाई सरळ रेषेत चालत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? शनिवारी आणि अमावास्येला लोक दाढी करत नाहीत, कुणी सोमवार पाळतं, कुणी गुरुवार. श्रावणात निम्मं गाव दाढी वाढवतं. पितृपंधरवड्यात खुर्च्या रिकाम्या. मग लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी रात्री अकरापर्यंत पाय टेकायला मिळत नाही. निम्म्यावर काम करणाऱ्याला रिकाम्या दिवसाचं काहीच मिळत नाही; तो उचल घेतो आणि पुढच्या सीझनला ती फेडत बसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा सलूनवाले टँकर आणि जार विकत घेऊन धंदा करत होते. २०२० च्या टाळेबंदीत तर तीन महिने कुलूप होतं. २८ जूनपासून राज्यात सलून उघडायला परवानगी मिळाली, तीही फक्त केस कापायला, रंगवायला आणि वॅक्सिंग-थ्रेडिंगला. दाढीला बंदीच होती. त्या काळात मालकांचे हाल झालेच, पण कारागिराकडं तर भाडं थकवायला दुकानही नव्हतं. त्या दिवसांत काही गिऱ्हाइकांनी शंभराच्या कामाला दोनशे हातावर ठेवले. ज्यांना ते मिळाले ते आजही त्या माणसांची नावं घेतात.

आता तुमच्या बाजूनं येणाऱ्या हरकतींकडं वळतो. आपल्या काही बांधवांशी या विषयावर बोलणं झालंय, त्यामुळे त्या मला माहीत आहेत.

सगळ्यात मोठी हरकत स्वाभिमानाची आहे आणि ती मला मनापासून समजते. एक ज्येष्ठ मालक म्हणाले, आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या खळ्यावर उभं राहून घेतलं, आता दुकानात काचा लावल्या, एसी लावला, तरी पुन्हा हात पसरायचा का? या प्रश्नाला टाळून पुढं जाता येणार नाही. सुगीला वडील खळ्यावर जायचे ते मी लहानपणी पाहिलंय. वर्षभर घरातल्या सगळ्या पुरुषांच्या हजामती केल्याचा मोबदला म्हणून ज्वारी मिळायची. किती द्यायची हे देणारा ठरवायचा. चांगली रास उचलून ठेवल्यावर खालची, माती मिसळलेली ज्वारी पसाभर कमीच पडायची आणि वर ‘पुढच्या साली बघू’ ऐकायला मिळायचं. ते मेहनतीचं मोल होतं, पण भीक दिल्यासारखं दिलं जायचं. त्याचा राग माझ्याही मनात आहे.

पण त्याच गावात दुसरंही काही होतं. लेकराचं जावळ काढायचं असलं की मामाच्या मांडीवर पोर बसायचं, आणि वडिलांना नारळ, टॉवेल-टोपी मिळायची. लग्नात नवरदेवाची दाढी करताना त्याच्यावरून ओवाळलेल्या नोटा त्यांच्या हातात यायच्या. तो मान होता. तिथं वडील मान खाली घालून उभे राहत नसत, उलट नवरदेवाच्या करवल्यांशी थट्टा करत घासाघीस करायचे. फरक कशात होता? खळ्यावर हक्काची मजुरी देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली होती. जावळात आणि लग्नात कामाचं कौतुक म्हणून वरचं मिळत होतं. आज आपण दर ठरवून, फलकावर लिहून घेतो. मजुरी आता कुणाच्या मर्जीवर नाही. मग त्यावर कुणी खुश होऊन दहा रुपये दिले तर त्यात कमीपणा कसला? कमीपणा आहे तो मजुरीच अपुरी देऊन टीपेवर भागवायला लावण्यात.

आणि इथंच मला मालकांना सावधही करायचं आहे. टीपेची सोय झाली म्हणून पगार किंवा टक्का कमी धरण्याचा मोह कुणाला झाला, तर मी या पत्रातला शब्द न्‌ शब्द परत घेईन. अमेरिकेत ते कसं घडलं ते पाहण्यासारखं आहे. तिथं टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकानं रोख द्यायचं किमान वेतन केंद्रीय कायद्यानुसार ताशी २.१३ डॉलर आहे आणि ते १९९१ पासून वाढलेलं नाही. उरलेली भर टीपेतून पडेल असं धरलं जातं, कमी पडली तर मालकानं भरून द्यायची. काही राज्यांनी त्याहून जास्त वेतन ठरवलंय, तो भाग वेगळा. केस कापणाऱ्याला बिलाच्या पंधरा-वीस टक्के देणं तिथं जवळपास सक्तीचं समजलं जातं. न देणारं गिऱ्हाईक वाईट ठरतं आणि कमी पगार देणारा मालक नामानिराळा राहतो. ती पद्धत आपल्याकडं नको. आपल्याकडं वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाली आहे आणि किमान वेतनाचा हक्क तिनं सगळ्याच क्षेत्रांतल्या कामगारांना दिलाय. पगारावरच्या कारागिराला तेवढं मिळालंच पाहिजे, टीपेचा एकही रुपया त्यात न मोजता.

उलट ब्रिटनकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथं कायदाच झालाय की गिऱ्हाइकानं दिलेली टीप, रोख असो की कार्डानं, मालकानं काही न कापता कामगारांना वाटलीच पाहिजे. हॉटेलांबरोबर सलूनलाही तो लागू आहे. म्हणजे पैसे आधी मालकाच्या खात्यात पडतात आणि तिथंच राहतात, ही अडचण फक्त लातूरची नाही.

सक्तीच्या बाबतीत आपला देशही गप्प बसलेला नाही. हॉटेलं बिलात आपोआप सेवा शुल्क लावत होती, त्याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्या कायम ठेवल्या. कुणी लावलंच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. काही मोठ्या, साखळीतल्या सलूनमध्ये बिल देताना ‘टीप किती टाकू?’ असं विचारायला सुरुवात झालीय. ते आपल्याकडं आणू नका. द्यायचं की नाही आणि किती, हे गिऱ्हाइकावरच राहू द्या. विशेषतः लातुरात. आपल्या खुर्चीत बसणारी निम्मी पोरं ट्यूशनसाठी नांदेड, बीड, धाराशिव, परभणीहून आलेली असतात, मेसचे पैसे मोजून भरणारी. त्यांच्याकडून टीपेची अपेक्षा कुणी करू नये आणि न देणाऱ्या पोराची कटिंग घाईत उरकू नये. एखादा कारागीर तसं वागला तर त्याला समज देण्याचं काम मालकाचंच आहे.

मागून घेण्याचा मला किती तिटकारा आहे हेही सांगतो. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं की ‘खुशी द्या’ म्हणून दारात आडवे उभे राहणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. पैसे मिळेपर्यंत बाळ दाखवायचं नाही, स्ट्रेचर हलवायचं नाही. त्याला बक्षीस म्हणणं चूक आहे, ती लाच आहे, आणि १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवावी अशीच ती गोष्ट आहे. गॅसच्या टाकीचंही तसंच. घरपोच देण्याचा खर्च बिलातच धरलेला असतो, त्यामुळे वर मागायचा हक्क कुणाला नाही. पण तीन मजले टाकी खांद्यावर चढवून, रेग्युलेटर लावून, गळती नाही ना हे साबणाचं पाणी लावून पाहून जाणाऱ्या माणसाला मी न मागता वीस रुपये आणि तांब्याभर पाणी देतो. पंपावर हवा फुकटच भरून द्यायची असते; भर उन्हात वाकून चारही चाकं तपासली तर तिथंही दहाची नोट जड होऊ नये. घरकाम करणाऱ्या मावशींना दिवाळीची पोस्त म्हणून एक महिन्याचा पगार द्यायची रीत अनेक घरांत आहे आणि ती सगळ्यांनी पाळावी असं माझं मत आहे.

पुन्हा सलूनकडं येतो. मालक स्वतःच कात्री धरत असतील तर त्यांनाही टीप द्यावी का, असं मला गिऱ्हाइकं विचारतात. एका खुर्चीचं दुकान, मालक तोच आणि कारागीर तोच. अशा ठिकाणी कुणी वरचे दिले तर आनंदानं घ्यावेत. मालकाला टीप द्यायची नसते हा जुना संकेत परदेशातल्या मोठ्या सलूनचा आहे, तो औसा रोडवरच्या टपरीला लावण्यात अर्थ नाही. मात्र चार खुर्च्यांच्या दुकानात मालक हात चालवत असतील, तर त्यांच्या खुर्चीवर आलेली टीप झाडलोट करणाऱ्या, नॅपकिन धुणाऱ्या पोराला द्यावी. हा पोरगा नेहमी विसरला जातो. डोक्याला मालिश तो करतो, केस तो धुतो, गरम पाणी तो आणतो आणि गिऱ्हाईक उठून ज्यानं शेवटचा कंगवा फिरवला त्याला पैसे देऊन जातं. कारागिरांनीही आपल्या टीपेतून त्याचा वाटा काढावा. किती, ते दुकानातल्या दुकानात बसून ठरवा, पण ठरवा.

महिलांच्या ब्यूटी पार्लरमध्ये हीच स्थिती आहे, असं माझी पत्नी सांगते. थ्रेडिंग करणाऱ्या मुलीच्या हातात क्वचितच काही पडतं, आणि पार्लरच्या मालकीणबाई समोर असताना ती घेतही नाही. हे पत्र त्या ताईंनाही आहे.

आता काय करायचं ते सांगतो. प्रत्येक आरशाच्या कोपऱ्यात त्या खुर्चीवर काम करणाऱ्या कारागिराचा स्वतःचा क्यूआर लावा. त्याचं बँक खातं आणि मोबाईल असला की अ‍ॅपमधूनच तो निघतो, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं वीस-तीस रुपयांत प्रिंट आणि लॅमिनेशन होतं. त्यावर ‘टीप द्या’ असं लिहू नका, फक्त कारागिराचं नाव लिहा. कटिंगचे पैसे गल्ल्यावरच्या क्यूआरवर, वरचे द्यायचे असतील तर आरशावरच्या. कटिंगचेच पैसे कारागीर स्वतःच्या खात्यात घेईल अशी भीती काहींना वाटते. पण गल्ल्यावरचा डबा रक्कम मोठ्यानं सांगतोच, प्रत्येक कामाचा आकडा तुम्हाला ऐकू येणार आहे. आणि ज्याच्या हातात तुम्ही गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा वस्तरा देता, त्याच्यावर वीस रुपयांचा भरवसा ठेवायला हरकत नसावी. ज्या कारागिराचं खातं नाही त्याच्यासाठी गल्ल्याजवळ एक वही ठेवा. वरचे पैसे आले की गिऱ्हाइकासमोर त्याच्या नावापुढं लिहायचे आणि रात्री दुकान बंद करताना रोख मोजून द्यायचे. महिनाअखेरीस नाही, त्याच रात्री. उचलीत वळतेही करायचे नाहीत.

दराचा फलक मोठ्या अक्षरात दारातच लावा. आत बसल्यावर ‘हे पण करू का, ते पण करू का’ म्हणत बिल फुगवलं गेलं, की गिऱ्हाईक चिडतं आणि त्याचा राग कारागिराच्या टीपेवर निघतो. क्रीम-फेशियल खपवायला कारागिराला तुम्हीच सांगता, तेव्हा हा तोटाही लक्षात घ्या.

हे पत्र वाचणाऱ्या गिऱ्हाइकांनाही दोन शब्द. शंभराच्या कामाला दहा-वीस पुरे, नसतील तर काही बिघडत नाही. नाव विचारून ‘छान केलंस’ म्हणा, तेही लागतं. पण द्यायचे असतील तर गल्ल्यावर टाकू नका, कारागिराच्या हातात द्या किंवा त्याच्या मोबाईलवर पाठवा. खुर्चीच्या दांडीवर नोट फेकून जाऊ नका. वय कितीही असो, ‘अरे ए’ म्हणून हाक मारू नका. तुमच्या घरातलं कार्य असलं आणि घरी बोलावलं, तर येण्या-जाण्याचं पेट्रोल आणि दुकानातला बुडालेला वेळ धरून पैसे आधी ठरवा, टॉवेल-टोपी त्याच्यावर.

मालक बांधवांनो, दिवाळी हा आपल्या धंद्याचा सगळ्यात मोठा सीझन. त्याच्या आत एवढं झालं तर कारागिरांच्या घरी ती वेगळी जाईल. क्यूआर काढून देणं, खातं उघडण्याचा फॉर्म भरणं, नावाच्या पट्ट्या तयार करणं हे काम मी आणि माझ्या शाळेतले दोन सहकारी रविवारी दुपारी, तुमच्या दुकानाची गर्दी ओसरल्यावर येऊन विनामोबदला करून देऊ. तुमच्या भागातल्या संघटनेच्या बैठकीत हा विषय घ्या आणि मला बोलवा. बैठकीला कारागीरही असू द्या, आणि त्यांना मागं उभं न करता खुर्च्या द्या.

आपला,
एका कारागिराचा मुलगा
लातूर